स्ट्रॉन्शियम ०.१२५ टाकले, पण १५० केल्विनचे संक्रमण दिसत नाही: हलक्या डोपिंगच्या मँगनाइटमध्ये आधी होल मोजा

नागपुरातल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा. तिने लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट (मँगनीजचे मिश्र ऑक्साइड) केले, स्ट्रॉन्शियमचे प्रमाण ०.१२५, म्हणजे लँथॅनमच्या दर आठ जागांपैकी एकीवर स्ट्रॉन्शियम. पद्धत नेहमीची सॉलिड स्टेट. पेलेट हवेत १३५० अंश सेल्सियसला सिंटर केले आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ दिले. एक्स-रे आलेखात परकी रेघ नाही, रचना ऱ्होंबोहेड्रल बसते. चुंबकन २५० केल्विनच्या आसपास पसरट चढते आणि त्याखाली रोधकता उतरतच जाते. शोधनिबंधांत मात्र १५० केल्विनखाली रोधकता झपाट्याने वाढते आणि तिथे चार्ज ऑर्डरिंग होते, म्हणजे मँगनीजचे ३+ आणि ४+ आयन ठरावीक रचनेत बसतात, असे लिहिलेले आहे. तिचा प्रश्न: थर्मामीटर चुकतो आहे का, की पॉलिक्रिस्टलाइन (असंख्य बारीक दाण्यांच्या) नमुन्यात हे दिसतच नाही?

दोन्ही नाही. तुमचा नमुना ०.१२५ चा नाही. बाटलीवर तसे लिहिलेले असेल, वजनाच्या वहीतही तसेच असेल, पण त्यातल्या मँगनीजला त्याची खबर नाही. ऱ्होंबोहेड्रल रचना हाच पहिला पुरावा. योग्य ऑक्सिजन असलेला ०.१२५ चा नमुना खोलीच्या तापमानाला ऑर्थोऱ्होंबिक असतो. ऱ्होंबोहेड्रल रचना साधारण ०.१७ च्या पुढे येते. म्हणजे तुमच्याकडे चौथ्या संयुजेचे मँगनीज (४+), म्हणजेच होल, ठरवल्यापेक्षा बरेच जास्त आहे आणि तुम्ही नकळत धातू-अवस्थेच्या सीमेवर जाऊन पोहोचला आहात.

आधी, काय दिसायला हवे ते. शुद्ध लँथॅनम मँगनाइटमध्ये सगळे मँगनीज ३+ असते. त्याच्या ई-जी पातळीवरचा एकटा इलेक्ट्रॉन भोवतालच्या ऑक्सिजनच्या अष्टफलकाला ताणतो, ही यान-टेलर विकृती. हे ताण स्फटिकभर शिस्तीत रचले जातात. ती शिस्त सुमारे ७५० केल्विनला मोडते. पदार्थ १४० केल्विनच्या आसपास ए-प्रकारचा प्रतिलोहचुंबक होतो: एका थरात सगळे स्पिन एका दिशेला, पुढच्या थरात उलट. व्होलन आणि केलर यांनी १९५५ मध्ये लँथॅनम-कॅल्शियम मालिकेवर न्यूट्रॉन विवर्तन करून अशा रचनांची वर्गवारी केली, आणि ए, सी, जी, सीई ही अक्षरे तेव्हापासून चालत आली आहेत.

आता लँथॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम टाकले की तितके मँगनीज ४+ होते, म्हणजे होल येतात. झेनर यांच्या १९५१ च्या डबल एक्स्चेंज कल्पनेप्रमाणे होल फिरायला लागले की शेजारचे स्पिन एका दिशेला वळतात. म्हणून ०.१७५ पासून पुढे लोहचुंबकी धातू मिळतो. उरुशिबारा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या मालिकेचे एकस्फटिक (सलग एकाच स्फटिकाचे नमुने) मोजले. त्यांचे क्युरी तापमानाचे (ज्याखाली पदार्थ लोहचुंबक होतो) आकडे फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहेत: ०.१५ ला २३८ केल्विन, ०.१७५ ला २८३, ०.२ ला ३०९, ०.३ ला ३६९.

खरी गंमत ०.१ ते ०.१५ या अरुंद पट्टीत आहे. होल आहेत, पण स्फटिकभर पसरायला पुरेसे नाहीत. ०.१२५ म्हणजे एक अष्टमांश इथे वरून खाली येताना तीन संक्रमणे भेटतात. साधारण २७० ते २८० केल्विनला यान-टेलर विकृती शिस्तीत येते आणि रोधकता वर उडी मारते. सुमारे १८० केल्विनला लोहचुंबकत्व येते; तिथून रोधकता थोडा वेळ धातूसारखी उतरते. आणि १५० केल्विनच्या जवळ, थोडे खालीच, चार्ज आणि ऑर्बिटल यांची नवी रचना तयार होते, रोधकता पुन्हा जोरात चढते. पदार्थ लोहचुंबकच राहतो, पण विद्युतरोधक होतो. यान-टेलर विकृती या तिसऱ्या अवस्थेत वाढत नाही, उलट खूप कमी होते आणि जाळी जवळपास घनाकृती दिसू लागते. प्रत्येक मँगनीज ४+ भोवतीच्या ३+ शेजाऱ्यांचे ऑर्बिटल त्याच्याकडे तोंड करून बसतात, असे ऑर्बिटल पोलॅरॉनचे चित्र त्यासाठी मांडले जाते. ते मानले तर लोहचुंबक असूनही रोधक का, याचे उत्तर मिळते: शेजाऱ्यांमधली लोहचुंबकी सुपरएक्स्चेंज (ऑक्सिजनच्या मध्यस्थीने होणारी स्पिनची जोडणी) स्पिन एका दिशेला धरून ठेवते, पण होल मात्र जागेवर अडकलेला असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तोंडी परीक्षेत हमखास गोंधळ होतो. अर्ध्या डोपिंगचे चार्ज ऑर्डरिंग आणि हे, दोन्ही एकच नव्हेत. निओडिमियम-स्ट्रॉन्शियमच्या ०.५ च्या मँगनाइटमध्ये चार्ज ऑर्डर झालेली अवस्था प्रतिलोहचुंबकी असते आणि चुंबकीय क्षेत्राने ती वितळते. एक अष्टमांशाला चार्ज ऑर्डर झालेली अवस्था लोहचुंबकी असते, तिचे चुंबकन वरच्या अवस्थेपेक्षा थोडे जास्तच, त्यामुळे क्षेत्र तिला आधार देते आणि संक्रमणाचे तापमान वर सरकते. म्हणून १५० केल्विनच्या जवळच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात क्षेत्र लावल्यावर रोधकता वाढलेली दिसू शकते. कोलोसल मॅग्नेटोरेझिस्टन्सच्या (क्षेत्र लावल्यावर रोधकता प्रचंड घटण्याच्या) सवयीने कोणी तो बिंदू ‘वाईट डेटा’ म्हणून काढून टाकतो. काढू नका; तोच तर कामाचा आहे.

आता होल कुठून आले ते बघू. स्ट्रॉन्शियमखेरीज दोन चोरवाटा आहेत.

पहिली, ऑक्सिजन. सूत्रात आपण ऑक्सिजन ३ अधिक डेल्टा असे लिहितो, पण पेरोव्हस्काइटच्या, म्हणजे मँगनाइटच्या या स्फटिकरचनेच्या, जाळीत जादा ऑक्सिजनला बसायला जागाच नसते. प्रत्यक्षात लँथॅनम आणि मँगनीज या दोघांच्या जागा रिकाम्या राहतात. डेल्टा ०.०३ असेल तर दोन्हीकडे सुमारे १ टक्का जागा रिकाम्या. प्रत्येक डेल्टामागे दोन होल येतात, म्हणजे ०.१२५ चे थेट ०.१८५ झाले. वर दिलेल्या मालिकेत हा आकडा धातूच्या बाजूला आहे. तरी तुमचे क्युरी तापमान २८३ च्या वर असण्याऐवजी २५० जवळ आणि पसरट का? मँगनीजच्या रिकाम्या जागा एक्स्चेंजचे जाळे तोडतात. होल वाढल्याने तापमान चढते, जागा रिकाम्या झाल्याने उतरते, आणि पेलेटच्या आतबाहेर डेल्टा वेगळा असल्याने कडा पसरते. तुमचे तिन्ही निष्कर्ष या एका कारणात बसतात.

दुसरी चोरवाट लँथॅनमची तूट. लँथॅनम ०.०१ ने कमी पडले आणि ऑक्सिजन ३ च राहिला, तर होल ०.०३ ने वाढतात, कारण लँथॅनम ३+ आहे. आणि ०.०१ म्हणजे किती? १० ग्रॅमच्या घाण्यात लँथॅनम ऑक्साइड ६.०५ ग्रॅम लागते. त्यात ७० मिलिग्रॅम ओल असली की झाले. नागपुरात जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या बाटलीतल्या लँथॅनम ऑक्साइडला ७० मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही. ते हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढते आणि हळूहळू हायड्रॉक्साइड होते. पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली पूड ऑक्साइड समजून तोलली तर लँथॅनम सुमारे १४ टक्के कमी पडते.

तेव्हा वजनापासून सुरुवात करा. लँथॅनम ऑक्साइड १००० अंशांवर १२ तास भाजा, भट्टी ३००-४०० अंशांवर आली की चिमट्याने मूस थेट डेसिकेटरमध्ये, आणि थंड झाल्या झाल्या वजन. तराजूवर ठेवून पाच मिनिटे आकडा बघा. तो वर सरकत असेल तर पूड पाणी पिते आहे, पुन्हा भाजा. स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २०० अंशांवर काही तास वाळवणे पुरते. मँगनीजसाठी डायऑक्साइड थेट वापरण्यापेक्षा ते आधी हवेत ७०० अंशांवर भाजून सेस्क्विऑक्साइड करून घ्या, म्हणजे ऑक्सिजनचा हिशेब एका ठरलेल्या सूत्रावर येतो. १० ग्रॅम नमुन्यासाठी: लँथॅनम ऑक्साइड ६.०५४५ ग्रॅम, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट ०.७८३८ ग्रॅम, मँगनीज सेस्क्विऑक्साइड ३.३५२९ ग्रॅम. चौथ्या दशांशापर्यंत तोलणारा तराजू नसेल तर १० ऐवजी २० ग्रॅमचा घाणा घ्या.

मँगनीज खणणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालय आपल्याच शहरात आणि मनसर, कांद्री, गुमगाव या मँगनीजच्या खाणी जिल्ह्यातच असल्यामुळे ‘स्थानिक मँगनीज’ वापरायचा मोह दर दोन-तीन वर्षांनी कोणाला तरी होतो. प्रकल्प अहवालात ते छान दिसते. पण खनिजात लोह, सिलिका, फॉस्फरस असतात, आणि लोह ३+ थेट मँगनीजच्या जागी बसून डबल एक्स्चेंजची वाट अडवते. बॅटरीसाठीच्या इलेक्ट्रोलिटिक डायऑक्साइडमध्येही सल्फेट राहिलेले असते. इथे ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्धच घ्या.

अगेटच्या खलात आयसोप्रोपिल अल्कोहोलखाली निदान दोन तास घोटा. १००० अंशांवर २४ तास, पुन्हा घोटा, १२०० वर २४ तास, पुन्हा घोटा, हवे तर १३०० वर आणखी एक फेरी. मधले घोटणे कंटाळवाणे म्हणून टाळले जाते आणि तिथेच स्ट्रॉन्शियमचे वाटप असमान राहते. एरवी ते खपून जाईल, ०.३ च्या नमुन्यात क्युरी तापमान डोपिंगबरोबर फार हलत नाही. पण ०.१२ च्या आसपास यान-टेलर संक्रमणाचे तापमान इतके उतरते असते की डोपिंग ०.०१ ने बदलले तरी ते काही दशक केल्विन सरकते. दाण्यादाण्यात स्ट्रॉन्शियम वेगळे असेल तर उडीऐवजी तुम्हाला नुसता उतार दिसेल.

पेलेट १० मिलिमीटरच्या साच्यात २ टन भारावर दाबा. तेवढ्या क्षेत्रफळावर तो सुमारे २५० मेगापास्कल होतो. त्याहून जास्त दाबलात तर पेलेट साच्यातून काढताना थाळीसारखे थर सुटतात. सिंटरिंग १३५० ते १४०० अंश, २४ तास. पेलेट अ‍ॅल्युमिनाच्या मुशीवर थेट ठेवू नका. खाली त्याच नमुन्याच्या पुडीचा थर द्या, नाहीतर तळाची बाजू अ‍ॅल्युमिनाशी रिॲक्शन करते. रात्रीत वीज गेली आणि भट्टी आपोआप गार झाली, तर ते पेलेट मोजमापाला घेऊ नका, पुन्हा वर न्या. कोणत्या तापमानापासून किती वेगाने उतरले हेच माहीत नसेल तर त्याचा ऑक्सिजनही माहीत नाही.

इथवर तुम्ही बहुतेक सगळे केलेच असणार. राहिले ते पुढचे. १३५० अंशांवर हवेतही डेल्टा लहान असतो. सावकाश थंड होताना, विशेषतः १००० अंशांच्या खाली, नमुना हवेतला ऑक्सिजन घेतो. म्हणून ‘सावकाश थंड करा’ हा एरवीचा शहाणपणाचा सल्ला इथे उलटतो. उपाय: पेलेट ट्यूब फर्नेसमध्ये वाहत्या उच्च शुद्धतेच्या आर्गॉनमध्ये १००० अंशांवर २४ ते ४८ तास ठेवा आणि त्याच प्रवाहात खोलीच्या तापमानापर्यंत आणा. प्रवाह सुरू केल्यावर निदान अर्धा तास नळी धुवू द्या, मग तापवा. बाहेर पडणारा वायू पाण्याच्या बुडबुड्यांतून सोडला की गळती लगेच कळते. बुडबुडे मंदावले तर टोकाचे सील बघा. ६०० अंशांवर करून काम होत नाही, कारण रिकाम्या जागा भरायला धातूचे आयन हलावे लागतात आणि ते फार आळशी असतात. हायड्रोजन मिसळलेला वायू मात्र वापरू नका: नमुना लँथॅनम ऑक्साइड आणि मँगनस ऑक्साइडमध्ये फुटतो.

मग मोजा. आयोडोमेट्रीला (मँगनीजने मोकळे केलेले आयोडीन टायट्रेट करून होल मोजण्याला) ब्युरेट आणि धीर यापलीकडे काही लागत नाही, आणि या कामात तिच्याइतके पैसे वाचवणारे साधन दुसरे नाही. ज्या पेलेटवर रोधकता मोजणार त्याच पेलेटचा तुकडा कुटून घ्या. पुडीचा डेल्टा आणि दाट पेलेटचा डेल्टा एक नसतो. पुडी टायट्रेट करून पेलेटचा आलेख छापणे ही या विषयातली सर्रास चालणारी चूक आहे. १०० मिलिग्रॅम पूड झाकणाच्या २५० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घ्या. उकळून गार केलेल्या पाण्यातले १० टक्के पोटॅशियम आयोडाइड १० मिलिलिटर घाला, नायट्रोजनचे बुडबुडे दहा मिनिटे सोडा, मग निम्मे पाणी मिसळलेले हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिलिलिटर घाला आणि झाकण लावून पूड पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. फार तर कोमट करा. जास्त तापवले तर आयोडीन उडते. १०० मिलिलिटरपर्यंत पाणी घाला आणि ०.०२ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. द्रावण फिकट पिवळे झाल्यावरच स्टार्च घाला. निळा रंग गेल्यावर अर्ध्या मिनिटाने परत आला तर तो हवेचा, त्याच्या मागे लागू नका. थायोसल्फेट १२० अंशांवर वाळवलेल्या पोटॅशियम आयोडेटने त्याच दिवशी प्रमाणित करा, आणि नमुना न घालता एक ब्लँकही करा.

हिशेब असा. मँगनीज ३+ एक आणि ४+ दोन इलेक्ट्रॉन घेऊन २+ होते. योग्य ऑक्सिजनच्या ०.१२५ नमुन्याचा रेणुभार २३५.४३, म्हणजे १०० मिलिग्रॅमला २३.८९ मिलिलिटर लागले पाहिजे. डेल्टा ०.०३ असेल तर २५.१२ मिलिलिटर. फरक सव्वा मिलिलिटरचा, साध्या ब्युरेटवर सहज दिसणारा. ०.१ मिलिलिटरची चूक म्हणजे होलमध्ये सुमारे ०.००५. तीन वाचने ०.१ मिलिलिटरच्या आत जुळली की पुढे जा. नागपूरच्या मे महिन्यात एवढे सांभाळा: फ्लास्क गार पाण्यात ठेवून २५ अंशांच्या खाली आणा, कारण उष्णतेत स्टार्चचा निळा रंग फिका पडतो आणि शेवटचा बिंदू आधीच आल्यासारखा वाटतो. स्टार्चही ताजा करा. या उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत नासतो.

टायट्रेशन होलची एकूण संख्या सांगते. ते ऑक्सिजनमुळे की लँथॅनमच्या तुटीमुळे, हे सांगत नाही. ते ओळखायला आर्गॉननंतरचा आकडा बघा. ४८ तासांनंतरही होल ०.१२५ च्या बरेच वर अडकून राहिले तर संशय वजनावर घ्या. लँथॅनम खूप कमी असेल तर उरलेले मँगनीज हौसमॅनाइट म्हणून बाहेर पडते. एक्स-रेमध्ये ३६ अंशांजवळ त्याची रेघ शोधा, पण २-३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती दिसणार नाही. चुंबकमापनात मात्र दिसेल: हौसमॅनाइट ४२ केल्विनच्या आसपास फेरीचुंबक होतो आणि तिथे एक छोटी पायरी येते. ती पायरी ‘नवे कमी तापमानाचे संक्रमण’ म्हणून छापली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. ५० केल्विनच्या जवळ उंचवटा दिसला तर तो नमुन्याचा नसून सॅम्पल चेंबरमध्ये गोठलेल्या ऑक्सिजनचा असण्याची शक्यता जास्त. उलट लँथॅनम जास्त झाले तर मोकळे लँथॅनम ऑक्साइड राहते आणि पेलेट पावसाळ्यात काही दिवसांत आपोआप भुगा होते. बाइंडर बदलून त्याला उपाय नाही.

एक्स-रेबद्दल एक खास आपल्याकडची अडचण. ‘खोलीचे तापमान’ असे आलेखावर लिहून भागत नाही. ०.१२ च्या एकस्फटिकात यान-टेलर संक्रमण २९१ केल्विनला, म्हणजे १८ अंश सेल्सियसला नोंदलेले आहे. नागपुरात जानेवारीच्या सकाळी वातानुकूलन नसलेली खोली त्याच्या खाली असते आणि मे महिन्याच्या दुपारी २०-२५ अंशांनी वर. तोच नमुना, तेच यंत्र, आणि जाळीचे आकडे वेगळे. हिवाळ्यात ए आणि बी अक्षांतला फरक स्पष्ट, उन्हाळ्यात तो जवळपास नाहीसा. नमुन्याशेजारी थर्मोकपल लावून आकडा लिहा, किंवा सरळ ३१० केल्विन आणि २५० केल्विन अशी दोन ठरलेली स्कॅन मागा. ऑर्थोऱ्होंबिक आहे की ऱ्होंबोहेड्रल, हे तांब्याच्या के-अल्फा किरणांत २५.५ अंशांजवळच्या लहानशा १११ रेघेवरून कळते. ऱ्होंबोहेड्रलमध्ये ती नसते. ती दुबळी असते, म्हणून त्या भागात ०.०२ अंशांच्या पावलाला नेहमीच्या पाचपट वेळ द्या.

आता रोधकता. चांगली बातमी अशी की तिन्ही संक्रमणे ७७ केल्विनच्या बरीच वर आहेत. हीलियम लागत नाही. द्रव नायट्रोजनचा एक डेवार आणि प्लॅटिनमचा पीटी-१०० सेन्सर यावर हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. पेलेटमधून साधारण ८ बाय २ बाय १ मिलिमीटरची पट्टी कापा, सिल्व्हर पेस्टने चार संपर्क द्या, बाहेरच्या दोन तारांतून १०० मायक्रोअँपिअर, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज. प्रत्येक वाचन प्रवाह उलटा करून पुन्हा घ्या म्हणजे तारांचे थर्मल व्होल्टेज वजा होते. प्रवाह निम्मा केल्यावर रोध बदलला तर नमुना तापतो आहे.

वेग मिनिटाला अर्धा ते एक केल्विन, उतरताना आणि चढताना दोन्ही. १५० चे संक्रमण पहिल्या क्रमाचे आहे, त्यामुळे दोन वक्रांत काही केल्विनची फट दिसायला हवी. पण सेन्सर नमुन्यापासून दूर असला तरी फट दिसते! ओळखण्याची रीत सोपी: वेग निम्मा करा. फट निम्मी झाली तर ती सेन्सरची; तशीच राहिली तर पदार्थाची. क्युरी तापमानाला फट नसते, म्हणून तोच आलेख तुम्हाला तपासणीचा बिंदूही देतो. एकदा खाली जाऊन आल्यावर खोलीच्या तापमानाचा रोध दर वेळी थोडा वाढत गेला तर पेलेटला बारीक तडे जात आहेत; यान-टेलर संक्रमणाला जाळी एकाएकी ताणली जाते, त्याची ती किंमत. अशी पट्टी दोन-तीन फेऱ्यांनंतर बदला.

नुसत्या रोधकतेच्या आलेखावर डोळ्याने बिंदू ठरवू नका. रोधकतेचा लॉगरिथम घ्या आणि तापमानाच्या व्यस्ताने त्याचे डेरिव्हेटिव्ह काढा. पॉलिक्रिस्टलाइन नमुन्यात दाण्यांच्या कडांचा रोध मिसळून जी वळणे बोथट होतात, ती इथे शिखर किंवा खड्डा म्हणून उठून दिसतात. त्यासोबत चुंबकन १०० ओरस्टेडला आणि १ टेस्लाला. कमी क्षेत्रात १५० ला दिसणारी पायरी डोमेन आणि अनायसोट्रॉपी यांवर अवलंबून असते, तिच्या दिशेवरून मोठे निष्कर्ष काढू नका. १ टेस्लाची पायरी जास्त विश्वासाची. विशिष्ट उष्णता मोजता आली तर सर्वांत बरे. १५० चे टोकदार शिखर तिथे लपत नाही.

हे सगळे जुळल्यावरही प्रबंधात ‘आम्ही चार्ज ऑर्डरिंग सिद्ध केले’ असे लिहू नका. रोधकता वाढली, फट दिसली, जाळी बदलली, इतकेच तुम्ही दाखवलेले असते. चार्ज ऑर्डरिंगचा पुरावा म्हणजे सुपरलॅटिसच्या (मूळ जाळीहून मोठ्या पुनरावृत्तीच्या) रेघा, आणि त्या इतक्या दुबळ्या असतात की त्यासाठी एकस्फटिक आणि न्यूट्रॉन किंवा सिंक्रोट्रॉन लागतो. यामादा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ०.१ आणि ०.१५ च्या स्फटिकांवर न्यूट्रॉनने तशा रेघा दाखवल्या आणि होलच्या थरांचे चित्र मांडले. पुढे रेझोनंट एक्स-रे वापरणाऱ्यांनी ऑर्बिटलच्या रचनेवर जास्त भर दिला. चार्जचे प्रत्यक्ष वेगळेपण एका पूर्ण इलेक्ट्रॉनपेक्षा बरेच कमी आहे, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे. म्हणून ‘सुमारे १५० केल्विनचे, चार्ज-ऑर्बिटल ऑर्डरिंगशी जोडले जाणारे संक्रमण’ ही शब्दरचना वापरा; परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

पुढच्या मोजमापांसाठी इंदूरच्या यूजीसी-डीएई संकुलाकडे (विद्यापीठांना मोजमापाची यंत्रे वापरू देणारी संस्था) अर्ज करताना टायट्रेशनचा तक्ता आणि ७७ केल्विनपर्यंतचा रोधकतेचा आलेख सोबत जोडा. तिथला वेळ मर्यादित असतो, आणि ज्याने होल मोजून आणले आहेत त्याला काय मोजायचे हे आधीच माहीत असते. एकच नमुना नेऊ नका. ०.१०, ०.१२५ आणि ०.१५ असे तीन, तिन्ही एकाच आर्गॉनच्या फेरीत अ‍ॅनील केलेले. आणि चौथा म्हणून तुमचा आत्ताचा हवेत थंड केलेला ०.१२५, जसा आहे तसा. तो फेकू नका. आर्गॉनमधल्या त्याच्याच जोडीदाराशेजारी ठेवला तर स्ट्रॉन्शियम तेवढेच असताना केवळ ऑक्सिजनमुळे १५० चे संक्रमण कसे नाहीसे होते, हे एका आलेखात दिसेल, आणि तुमच्या प्रबंधाचे एक प्रकरण त्यातून उभे राहील.